फेब्रुवारी २०२३ची उष्णता : दीर्घकालीन सरासरी, कोकणपट्टी आणि रब्बी हंगाम

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या हिशेबात जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने मिळून हिवाळा होतो आणि १ मार्चपासून मोसमी पावसापूर्वीचा उन्हाळी काळ सुरू झाला असे धरले जाते. आपल्या लोकरीतीतला हिशेबही याहून फारसा वेगळा नाही. 'होळी जळाली, थंडी पळाली' असे म्हणणाऱ्या समाजाने थंडीला फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत मुदत दिलेली आहे. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला आणि होळी ६ मार्चला होती. म्हणजे शास्त्राने पाहिले काय किंवा पंचांगाने पाहिले काय, तो फेब्रुवारी थंडीचाच महिना होता. प्रत्यक्षात मात्र महाशिवरात्रीच्या आधीच कोकणपट्टीत पारा ३७ अंशांच्या पुढे गेला होता आणि महिना संपता संपता केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला उष्णतेच्या आजारांबाबत राज्यांना पत्र पाठवावे लागले.

महिना संपल्यावर हवामान विभागाने दिलेला हिशेब असा होता : देशाचे फेब्रुवारीतील सरासरी कमाल तापमान साडेएकोणतीस अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, ते दीर्घकालीन सरासरीपेक्षा सुमारे १.७ अंशांनी अधिक होते, आणि १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत इतका तापलेला फेब्रुवारी दुसरा नव्हता. पाऊस २२.७ मिलिमीटर अपेक्षित असताना ७.२ मिलिमीटर झाला. तूट ६८ टक्क्यांची. 'सव्वाशे वर्षांतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी' हे वाक्य त्यानंतर सर्वत्र छापले गेले आणि ते खरेही होते. परंतु महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला, बागायतदाराला किंवा कोकणातल्या रहिवाशाला त्या महिन्याने नेमके काय केले हे त्या एका वाक्यातून कळत नाही. महिन्याची तफावत कोणत्या तासांत, कोणत्या आठवड्यात आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडली, हे तपासल्याशिवाय दीर्घकालीन सरासरीशी केलेली तुलना अपुरी राहते. हा फेब्रुवारी त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण तोच महिना कांद्याला एका रीतीने, गव्हाला दुसऱ्या रीतीने आणि आंब्याला तिसऱ्याच रीतीने भोवला.

सरासरी म्हणजे कोणती सरासरी

तापमानाची अधिकृत नोंद उन्हात ठेवलेल्या तापमापकावरून घेतली जात नाही. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या भिंती असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर कमाल आणि किमान तापमापक ठेवलेले असतात. पेटीतून वारा खेळता राहतो आणि ऊन मात्र थेट आत येत नाही. अशा केंद्रांवरील रोजच्या नोंदींतून महिन्याची सरासरी निघते, केंद्रांच्या सरासरीतून उपविभागाची आणि पुढे देशाची सरासरी तयार होते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार हवामान उपविभाग आहेत. या साऱ्या नोंदींचा हिशेब पुण्यात, शिवाजीनगरच्या कार्यालयात होतो. विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून त्या चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. देशाच्या सव्वाशे वर्षांच्या हवामानाचा लेखाजोखा ज्या इमारतीत ठेवला जातो, तिच्यावरून रोज हजारो माणसे जात असतात. त्या नोंदींविषयी आपल्याकडे याहून अधिक कुतूहल असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता 'सरासरीपेक्षा १.७ अंश अधिक' या शब्दांतली सरासरी कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जागतिक प्रघात तीस वर्षांचा आहे. २०२३ मध्ये देशाच्या तापमानाची तुलना १९८१ ते २०१० या तीस वर्षांशी केली जात होती, आणि त्यानंतर १९९१ ते २०२० ही तीस वर्षे पायाभूत मानली जाऊ लागली. पावसासाठी १९७१ ते २०२० अशी पन्नास वर्षे धरली जातात. याच बदलामुळे २०२२ मध्ये मोसमी पावसाची देशाची सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७ सेंटिमीटरवर आली. पायाभूत काळ पुढे सरकला की मधल्या काळातली उष्णवाढ सरासरीतच मुरते, आणि तेवढ्याच तापलेल्या महिन्याची तफावत कागदावर लहान दिसते. यात कोणाची लबाडी नाही. आजच्या माणसाला आजच्या अनुभवाशी तुलना हवी असते आणि तीस वर्षांचा प्रघात त्यासाठीच आहे. मात्र दोन वेगळ्या वर्षांच्या तफावती शेजारी ठेवताना दोन्हींचा पाया एकच आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे. 'सर्वांत उष्ण' हा क्रम मात्र पायाभूत काळ बदलल्याने बदलत नाही, कारण तो मूळ नोंदींवरून लागतो.

दुसरी बाब दिवस आणि रात्रीची. त्या महिन्याचे कमाल तापमान १.७ अंशांनी वाढलेले असताना किमान तापमानाची वाढ सुमारे ०.८ अंशच होती आणि किमान तापमानाच्या क्रमवारीत तो फेब्रुवारी पाचवा आला. रात्रीही सरासरीहून उबदारच होत्या. पण खरा भडका दुपारचा होता. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि जमिनीत ओल नाही, अशी स्थिती असली की दिवसा जमीन झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच वेगाने उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे घाटमाथ्यावर पहाटे अंगावर पांघरूण आणि दुपारी पंखा, असे दिवस त्या महिन्यात निघाले. दिवस आणि रात्र यांची सरासरी काढून एकच आकडा सांगितला, तर या महिन्याचे हे वैशिष्ट्यच पुसले जाते.

त्याआधीचे दोन महिनेही ध्यानात घ्यावे लागतील. डिसेंबर २०२२ हा देशाच्या सरासरी तापमानानुसार १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण डिसेंबर ठरला होता. जानेवारीत उत्तरेत थंडीची लाट आली आणि तिचा हात महाराष्ट्रापर्यंत पोहोचला; जानेवारीच्या मध्यावर मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर किमान तापमान १४ अंशांच्या खाली उतरले. त्याच केंद्रावर जेमतेम पाच आठवड्यांच्या आत कमाल तापमान ३७ अंशांच्या पुढे गेले. सांताक्रूझचे फेब्रुवारीतले नेहमीचे कमाल तापमान ३१ ते ३२ अंशांच्या दरम्यान असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही उडी किती मोठी होती ते कळते. हिवाळा त्या वर्षी सौम्य होता असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. तो उशिरा आला, थोडे दिवस चांगला पडला आणि ठरलेल्या मुदतीआधी निघून गेला.

उष्णता आली कोठून

उत्तर भारतातल्या हिवाळ्याचा तोल पश्चिमी झंझावातांवर असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणारी ही वाऱ्यांची आवर्तने हिमालयात बर्फ आणि मैदानांत पाऊस देतात, आणि ती पुढे सरकल्यावर त्यांच्या पाठीमागून उत्तरेचे थंड, कोरडे वारे खाली उतरतात. महाराष्ट्रात जी थंडी पडते ती प्रामुख्याने या वाऱ्यांची देणगी. फेब्रुवारी २०२३ मध्ये झंझावात आले, पण ते दुबळे होते आणि बहुतेक उत्तरेकडूनच निघून गेले. मैदानांत पाऊस झाला नाही. पावसाअभावी आकाश मोकळे राहिले, जमिनी कोरड्या पडल्या, आणि जी सौर उष्णता एरवी ओल सुकवण्यात खर्ची पडते ती थेट हवा तापवू लागली. ६८ टक्क्यांची पावसाची तूट आणि १.७ अंशांची तापमानवाढ हे दोन वेगळे विक्रम नसून एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत. तफावत वायव्य भारतात सर्वाधिक होती याचेही कारण हेच.

त्यात भर पडली ती दक्षिण गुजरातवर ठाण मांडून बसलेल्या प्रत्यावर्ताची, म्हणजे जास्त दाबाच्या क्षेत्राभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांची. प्रत्यावर्तात हवा वरून खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. कच्छमधील भुज येथे १६ फेब्रुवारीला ४०.३ अंशांची नोंद झाली. फेब्रुवारीत चाळिशी गाठणे तिथेही अपूर्व होते. हाच प्रत्यावर्त कोकणाकडे ईशान्येचे आणि पूर्वेचे वारे ढकलत होता.

एक विसंगती येथे नोंदवली पाहिजे. प्रशांत महासागरात त्या वेळी 'ला निना'ची, म्हणजे विषुववृत्ताजवळचे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची, स्थिती होती. सलग तिसऱ्या हिवाळ्यात टिकून राहिलेली ती ला निना मार्च २०२३ च्या सुमारास मावळली. ला निनाच्या वर्षी भारतात थंडी अधिक पडते असा सर्वसाधारण अनुभव असल्याने त्या हिवाळ्याबद्दल तशाच अपेक्षा बांधल्या गेल्या होत्या. एका महिन्याच्या हवामानावर दूरच्या महासागराच्या स्थितीपेक्षा जवळच्या वाऱ्यांची रचना अधिक हुकमत गाजवू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. हंगामी अंदाजाच्या एका वाक्यावरून पेरणीचा किंवा विक्रीचा निर्णय घेणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

कोकणातील दुपार

कोकणपट्टीत फेब्रुवारीची दुपार साधारणपणे खाऱ्या वाऱ्यांच्या हाती असते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंदावतात, जमीन तापू लागते, आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की पारा चढायचा थांबतो. हा वारा दोन तास उशिरा आला, तरी दिवसाचे कमाल तापमान तीन-चार अंशांनी वाढते, कारण मधल्या वेळात डोक्यावर ऊन असते आणि हवा मात्र पूर्वेची असते. पूर्वेच्या हवेचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ती देशावरून, म्हणजे घाटावरच्या पठारावरून, सह्याद्री ओलांडून खाली उतरते. कोरडी हवा दर किलोमीटर उतारामागे सुमारे दहा अंशांनी तापते; देशावरची सरासरी उंची सहाशे मीटरच्या आसपास धरली, तरी किनाऱ्यापर्यंत उतरताना तिच्यात सहा अंशांची भर पडते. पुण्यात ३३ अंश असलेली हवा पनवेलला किंवा चिपळूणला ३८-३९ अंशांची होऊ शकते, ती अशी.

फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या पंधरवड्यात हेच घडले. प्रत्यावर्तामुळे पूर्वेचे वारे जोरकस राहिले आणि खाऱ्या वाऱ्यांना आत शिरायला दुपार उलटून जावी लागली. किनारी भागासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष असा, की कमाल तापमान किमान ३७ अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर असावे; मैदानी प्रदेशासाठी पहिली मर्यादा ४० अंशांची आहे. हवामान विभागाने फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोकण आणि कच्छसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. हिवाळ्याच्या महिन्यात असा इशारा निघणे हीच असाधारण गोष्ट होती. दोनच दिवसांत वाऱ्यांनी दिशा बदलली, खारा वारा वेळेवर येऊ लागला, तापमान दोन-तीन अंशांनी उतरले आणि इशारा मागे घेतला गेला.

इशारा मागे घेतला म्हणून तो चुकीचा होता अशी टीका तेव्हा ऐकू आली. ती मला अन्यायाची वाटते. ज्या ठिकाणी दिवसाचे कमाल तापमान वाऱ्याच्या दोन तासांच्या उशिरावर ठरते, तिथे अंदाजात दोन-तीन अंशांचे अंतर पडणे स्वाभाविक आहे. आणि इशारा मिळाल्याने मजुरांच्या कामाच्या वेळा सकाळी ओढल्या गेल्या असतील, बागांना पाणी दिले गेले असेल, तर त्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही. उलट, एका महिन्याच्या सरासरीत हे चार-सहा दिवस किती थोडे वजन टाकतात ते पाहिले म्हणजे मासिक आकड्याची मर्यादा कळते. अठ्ठावीस दिवसांपैकी पाच दिवस सरासरीपेक्षा सहा अंशांनी तापले आणि उरलेले दिवस अगदी सरासरीइतके राहिले, तर महिन्याची तफावत जेमतेम एका अंशाची भरते. झाडाला मात्र त्या पाच दिवसांचाच हिशेब द्यावा लागतो.

आंब्याची कलमे

हापूसच्या मोहराला रात्रीची थंडी लागते, आणि फळधारणेनंतर मात्र तापमान हळूहळू, टप्प्याटप्प्याने वाढावे लागते. जानेवारीच्या मध्यापासून पडलेल्या थंडीने कलमांना मोहर आला. फेब्रुवारीत त्या मोहरावर कणी, म्हणजे अगदी बारीक फळे, धरली होती आणि आधीच्या मोहराची फळे वाटाण्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराची होती. फळाचा देठ या अवस्थेत सर्वांत नाजूक असतो. पानांतून होणारे बाष्पीभवन मुळांच्या ताकदीपलीकडे गेले, की झाड आपला भार हलका करते आणि फळगळ होते. उन्हाच्या बाजूच्या फळांवर चट्टे पडतात, आणि तापलेल्या कातळावरून वर येणारी धग फळात साका (गर पांढरट, भुसभुशीत होण्याचा दोष) होण्यास हातभार लावते.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावरची शिफारस साधी आणि बागायतदारांच्या ओळखीची आहे : फळे वाटाण्याच्या आकाराची झाल्यापासून प्रत्येक कलमाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावे, बुंध्याभोवती गवताचे आच्छादन करावे, आणि फळे गोटीएवढी झाल्यावर त्यांवर कागदी पिशव्या चढवाव्यात. कागदावर हे सोपे दिसते. कातळावरच्या बागेत, जिथे पाणी टेम्पोने किंवा डोक्यावरून न्यावे लागते, तिथे शंभर कलमांना एका पाळीचे पाणी म्हणजे पंधरा ते वीस हजार लिटर. आणि त्या वर्षी ही पाळी नेहमीपेक्षा आधी आणि अधिक वेळा द्यावी लागणार होती. सरासरीपेक्षा तापलेल्या महिन्याची खरी किंमत अनेकदा उत्पादनाच्या घटीत दिसत नाही, ती या वाढीव खर्चात दडलेली असते.

विम्याचा प्रश्नही येथेच उभा राहतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात बागेतले नुकसान पाहून भरपाई ठरत नाही. ठरावीक तारखांच्या आत, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर, ठरावीक तापमान ठरावीक दिवस सलग ओलांडले गेले का, एवढेच पाहिले जाते. या योजनेत वेग आहे आणि पंचनाम्यांची कटकट नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु उष्णतेसाठीच्या तारखा जुन्या ऋतुमानावर बेतलेल्या असतील, तर मुदतीच्या आत आलेली उष्णता भरपाईला पात्र ठरते आणि मुदतीआधी आलेली तितकीच उष्णता ठरत नाही. दीर्घकालीन सरासरीवर उभारलेल्या कोणत्याही योजनेपुढे फेब्रुवारी २०२३ सारखा महिना हाच प्रश्न टाकतो, आणि या तारखांचा फेरविचार वरचेवर झाला पाहिजे.

लाल कांदा आणि बाजार

महाराष्ट्रात त्या फेब्रुवारीची सर्वांत बोचरी आठवण आंब्याची नाही, कांद्याची आहे. नाशिक पट्ट्यात फेब्रुवारीत बाजारात असतो तो रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा लाल कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची लागवड होते आणि जानेवारी ते मार्च या काळात तो निघतो. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात, चार-पाच महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी अधिक आणि टिकाऊपणा कमी, त्यामुळे तो काढल्यावर फार दिवस ठेवता येत नाही. नेहमीच्या फेब्रुवारीत थंडीमुळे कांदा शेतात हळूहळू पोसतो, माना एकाच वेळी पडत नाहीत (पात बुडाशी आडवी होणे ही काढणीची खूण), आणि काढणी आठवड्याआठवड्याने पुढे जात राहते. बाजारातली आवकही त्यामुळे आपोआप वाटली जाते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उष्णतेने हे वेळापत्रक दाबून एकत्र आणले. दुपारच्या तापाने पात लवकर सुकली, माना लवकर पडल्या, आणि काढलेला कांदा सावलीत ठेवला तरी वजन घटू लागले. ठेवावा तर नासतो, विकावा तर भाव नाही, अशा कोंडीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी माल बाजारात आणला आणि लासलगावसह साऱ्या बाजार समित्यांत आवक फुगली. किलोला दोन-चार रुपये भावाने कांदा गेला. काहींच्या हाती गाडीभाडे आणि हमाली वजा जाता काही रुपयेसुद्धा उरले नाहीत.

हे सारे हवामानाने केले असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. इतर राज्यांतला कांदाही त्याच वेळी बाजारात होता आणि निर्यातीची मागणी आवक पेलण्याइतकी नव्हती. हवामानाचा वाटा इतकाच, की जी आवक आठ-दहा आठवड्यांत पसरली असती ती कमी आठवड्यांत आली. पण नाशवंत मालाच्या बाजारात एवढाच फरक भाव पाडायला पुरेसा असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस नाफेडने लाल कांद्याची खरेदी सुरू केली; मार्चमध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईच्या दिशेने निघाला; आणि राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला प्रतिक्विंटल ३५० रुपये, प्रतिशेतकरी २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. मासिक हवामान अहवालात यातले काहीही येत नाही, येण्याचे कारणही नाही. परंतु त्या महिन्याचा अभ्यास करणाऱ्याने हवामानाची तफावत आणि बाजाराची आवक हे दोन आलेख एकमेकांवर ठेवून पाहायला हवेत.

गव्हाने दिलेले अनपेक्षित उत्तर

देशपातळीवरची सर्वांत मोठी चिंता गव्हाची होती आणि तिला ताजा आधार होता. मार्च २०२२ हा १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. ऐन दाणे भरण्याच्या काळात आलेल्या त्या उष्णतेने गव्हाचे दाणे बारीक राहिले, आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणून फेब्रुवारी २०२३ तापताच, २० तारखेच्या सुमारास, केंद्राने उष्णतेचा गव्हावरील परिणाम पाहण्यासाठी समिती नेमली. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेने शेतकऱ्यांना हलके पाणी देण्याचा आणि ०.२ टक्के पोटॅशच्या फवारणीचा सल्ला दिला.

यानंतर जे घडले त्यात या प्रकरणाचा गाभा आहे. २०२२-२३ चे गव्हाचे अंतिम सरकारी अनुमान १,१०५ लाख टनांचे आले, आधीच्या वर्षाच्या १,०७७ लाख टनांपेक्षा अधिक. व्यापाऱ्यांचे अंदाज सरकारी आकड्याहून बरेच कमी होते, आणि सरकारी खरेदी ३४१ लाख टनांच्या उद्दिष्टापुढे २६२ लाख टनांवर थांबली, त्यामुळे नेमके उत्पादन किती यावर वाद राहिला. तरीही २०२२ सारखी पडझड झाली नाही, यावर दोन्ही बाजूंचे दुमत नव्हते. सव्वाशे वर्षांतल्या सर्वांत तापलेल्या फेब्रुवारीने गहू का बुडवला नाही?

थोडे गणित करून पाहू. पिकाची वाढ रोज मिळणाऱ्या उष्णतेच्या बेरजेवर चालते. गव्हासाठी ५ अंशांच्या वरचे तापमान मोजतात. फेब्रुवारीत देशाचे सरासरी तापमान साडेवीस-एकवीस अंश धरले, तर नेहमीच्या वर्षी पिकाला रोज साडेपंधरा-सोळा अंश मिळतात. २०२३ मध्ये दिवसाची १.७ आणि रात्रीची ०.८ अशी वाढ धरून रोज सव्वा अंश जास्तीचा मिळाला. अठ्ठावीस दिवसांत ही बेरीज पस्तीस अंशांची झाली. म्हणजे महिनाभराच्या विक्रमी उष्णतेने पीक सरासरी हिशेबात अवघे दोन दिवस पुढे ढकलले. वायव्येत तफावत मोठी असल्याने तिथे हे अंतर वाढते, तरी ते आठवड्यापलीकडे जात नाही. उत्तरेतला वेळेवर पेरलेला गहू त्या सुमारास ओंबीवर येत होता. त्याचे दाणे भरायचे होते ते मार्चमध्ये. आणि मार्च २०२३ मध्ये झंझावात परतले, देशात सरासरीपेक्षा सुमारे २६ टक्के अधिक पाऊस झाला, आणि आधीच्या वर्षीसारखी उष्णता आली नाही. शिवाय उष्णता सोसणाऱ्या वाणांचा पेरा अनेक भागांत वाढलेला होता.

महाराष्ट्रातली स्थिती याहून निराळी, कारण आपल्याकडचा गहू उत्तरेपेक्षा लवकर पिकतो. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाचे दाणे फेब्रुवारीत चिकात असतात, आणि सोयाबीन, कापूस किंवा ऊस काढून डिसेंबरात पेरलेला उशिराचा गहू तर नेमका फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सापडतो. हरभऱ्याचे घाटे भरण्याचा काळही हाच. म्हणून देशाच्या एकत्रित आकड्यात जी उष्णता वेळेआधी आल्याने निभावली गेली, ती मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातल्या उशिराच्या पेऱ्यावर ऐन नाजूक वेळी पडली. पुढे मार्चच्या ज्या पावसाने पंजाब-हरियाणात गहू गार ठेवला, त्याच काळातल्या अवकाळीने आणि गारपिटीने महाराष्ट्रात काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबागा झोडपल्या. होळीच्या दिवशी, ६ मार्चला, मुंबईसह राज्याच्या अनेक भागांत विजांसह पाऊस झाला. मार्चच्या मध्यावर दुसरा फेरा आला, आणि त्या आठवड्यात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू असल्याने पंचनामे खोळंबले. एकाच प्रणालीने एका प्रदेशाचे भले आणि दुसऱ्याचे नुकसान केले.

दीर्घ कल आणि एक महिना

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. फेब्रुवारी २०२३ ची १.७ अंशांची तफावत याच्या दुपटीहून अधिक आहे, तीही १९८१ ते २०१० या आधीच थोड्या तापलेल्या पायावरून मोजलेली. म्हणून त्या महिन्याच्या उष्णतेचा मोठा भाग त्या महिन्याच्या वाऱ्यांचा, कोरड्या जमिनीचा आणि प्रत्यावर्ताचा होता, असे मानणे योग्य ठरते. दीर्घकालीन उष्णवाढीने पायरी उंचावली. त्या पायरीवरून वाऱ्यांनी उडी मारली. पूर्वीही असे कोरडे, झंझावातांवाचून गेलेले फेब्रुवारी आले असतील, पण ते खालच्या पायरीवरून निघाल्याने विक्रमापर्यंत पोहोचले नाहीत. उष्णवाढीचा नकार करणारे आणि प्रत्येक तापलेला महिना तिच्याच खात्यात टाकणारे, दोघेही हा भेद सोडून देतात.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणखी एक विक्रम झाला, आणि तो २०२३ च्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. दिवस-रात्र मिळून येणारे देशाचे सरासरी तापमान २२.०४ अंशांवर गेले. ते १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा १.३४ अंशांनी अधिक आणि १९०१ नंतरचे सर्वाधिक होते. कमाल तापमानाचा पहिला क्रमांक मात्र २०२३ कडेच राहिला. दुपारी २०२३ इतक्या तापल्या नसतानाही २०२५ चा महिना एकूणात पुढे गेला, तो रात्रींच्या उबेमुळे. हापूसच्या मोहराला, गव्हाच्या दाण्याला आणि हरभऱ्याच्या घाट्याला दुपारची धग जशी जाचते तशीच रात्रीची ऊबही जाचते, कारण उबदार रात्री पिकाचा श्वसनावरचा खर्च वाढतो आणि दिवसभरात कमावलेले अन्न दाण्यापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. म्हणूनच मासिक अहवाल हाती आल्यावर एकत्रित सरासरीच्या आधी किमान तापमानाचा रकाना वाचावा, त्यानंतर आपल्या उपविभागाची आठवडावार तफावत पाहावी, आणि ती आपल्या पेरणीच्या तारखेपासून मोजलेल्या दिवसांशेजारी लिहून ठेवावी.